गोव्यातल्या लग्नाला जाताना पाहुण्यांनी काय पाहावे

गावातल्या मंगल कार्यालयात लग्न असले की "बघू, जमले तर येऊ" हे उत्तर खपून जाते. ऐनवेळी वीस माणसे वाढली तर आचारी भाताचे आधण वाढवतो, एक पंगत जास्त बसते आणि कोणाला काही कळतही नाही. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात मात्र प्रत्येक पाहुण्यामागे दोन किंवा तीन रात्रींची एक खाट, पाच-सहा जेवणांची ताटे आणि स्थानकापासूनच्या बसमधली एक जागा अशी मांडणी झालेली असते. ती महिनेच्या महिने आधी झालेली असते आणि तिचे पैसे यजमानांनी भरलेले असतात. त्यामुळे अशा लग्नाला जाणाऱ्याने कपडे आणि आहेर यांचा विचार करण्यापूर्वी आपला होकार किंवा नकार वेळेवर आणि नेमका कळवावा. पुढील सूचना मुंबई-पुण्याहून किंवा महाराष्ट्राच्या अन्य भागांतून गोव्याला जाणाऱ्या मराठी पाहुण्यांना समोर ठेवून लिहिल्या आहेत.

होकार कसा कळवावा

छापील पत्रिकेत "सहकुटुंब सहपरिवार" हे शब्द परंपरेने येतात आणि त्यांवर विसंबून विवाहित मुलगी, जावई आणि नातवंडे यांना गृहीत धरण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे ती बाजूला ठेवावी. "आमच्याकडून कोणाकोणाची सोय धरली आहे?" असे यजमानांना सरळ विचारावे. विचारणाऱ्याला हा प्रश्न अवघड वाटतो, पण ज्यांच्या हातात खोल्यांची यादी असते त्यांना तो विचारणारा पाहुणा फार हवासा असतो. होकार देताना प्रत्येकाचे नाव ओळखपत्रावर असेल तसे, मुलांची वये, पोहोचण्याची व निघण्याची तारीख आणि वेळ, आणि कोण कोणाबरोबर एका खोलीत राहील, एवढे एकाच संदेशात लिहून पाठवावे. व्हॉट्सॲपच्या समूहात नुसता अंगठा दाखवला की होकार दिल्यासारखे वाटते, पण दीडशे माणसांच्या समूहात तो अंगठा कोणी मोजत नाही.

जेवणाविषयी जे सांगायचे ते याच वेळी सांगावे. कांदा-लसूण न खाणारे, मधुमेही, दाण्याची किंवा कोळंबीची ॲलर्जी असणारे हे हॉटेलवाल्यांना समजते, पण उपवास समजत नाहीत. हळदीच्या दिवशी संकष्टी आली तर चंद्रोदयानंतर, म्हणजे बहुधा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान, उपवास सोडणारी चार-सहा वडीलधारी माणसे प्रत्येक मराठी लग्नात असतात आणि त्या वेळेपर्यंत मांडलेले जेवण उचलायची तयारी सुरू झालेली असते. आधी सांगितले तर त्यांची ताटे बाजूला काढून ठेवता येतात. दुपारच्या खिचडीचीही सोय होते.

जमणार नसेल तर नकार तितक्याच लवकर द्यावा आणि तो फोनवरून द्यावा. रजा, खर्च, मुलांच्या परीक्षा, घरातले आजारपण यांपैकी कोणतेही कारण पुरेसे आहे आणि तपशील देण्याची गरज नाही. गावाबाहेरच्या लग्नाला न येणाऱ्याविषयी यजमानांच्या मनात बहुधा राग नसतो. राग येतो तो आठवडाभर आधी, खोली रद्द करण्याची मुदत उलटल्यावर नकार देणाऱ्याचा. जवळचे नाते असेल तर लग्नाआधी वधूला किंवा वराला केळवणाला बोलवावे, किंवा ते परत आल्यावर सत्यनारायणाच्या पूजेला जावे. दोन्ही ठिकाणी त्यांना तुमच्याशी बोलायला लग्नातल्यापेक्षा जास्त वेळ मिळतो, हे माझे प्रामाणिक मत आहे.

खर्चाची वाटणी

याविषयी लेखी नियम नाही, पण रीत बरीच स्थिरावली आहे. पाहुण्याने आपला जाण्यायेण्याचा खर्च करावा आणि ठरलेल्या रात्रींचा मुक्काम, त्या काळातली जेवणे आणि समारंभातली ने-आण यजमानांनी करावी, असे सर्वसाधारणपणे चालते. खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तू, कपडे धुऊन घेणे, मालिश, खोलीत मागवलेले जेवण आणि बारमधले पेय हे पाहुण्याच्या खात्यावर पडते, किंवा पडायला हवे. न विचारता सही केलेली अशी बिले पुष्कळदा वधूपित्याच्या अंतिम हिशेबात सापडतात. दोन दिवस आधी जाऊन किंवा नंतर थांबून गोवा पाहायचा असेल तर त्या रात्री स्वखर्चाच्या असतात, मात्र त्या यजमानांच्या व्यवस्थापकामार्फत आरक्षित कराव्यात, कारण समूहाला मिळालेला दर अनेकदा त्या रात्रींनाही लागू करून मिळतो.

तारीख पाहून करायची तयारी

चातुर्मास संपून तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि गोव्यातला पर्यटनाचा हंगामही त्याच सुमारास भरात येतो. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या लग्नाची तिकिटे पत्रिका हातात येण्याची वाट न पाहता, तारीख कानावर पडताच काढावीत. त्यातही काही दिवस विशेष गर्दीचे असतात. २० नोव्हेंबरच्या सुमारास पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, असते आणि नाताळापासून नववर्षापर्यंत दर किती चढतात हे सांगायला नको. एप्रिल-मेमधल्या लग्नात दर उतरलेले असतात, पण हवा इतकी दमट असते की रेशमी साडीत उघड्यावर अर्धा तास उभे राहणे कठीण होते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस येतोच, त्यामुळे काढीव मुहूर्तावर पावसाळ्यात लग्न असेल तर छत्री आणि लवकर वाळणारे कपडे घेऊन जावे.

पोहोचणे

गोवा नकाशावर लहान दिसतो आणि सगळी फसगत तेथूनच सुरू होते. लग्न "गोव्यात" आहे एवढ्या माहितीवर तिकीट काढू नये. हॉटेल उत्तरेला, म्हणजे हरमल, मांद्रे, मोरजी, कळंगुट, कांदोळी या पट्ट्यात आहे की दक्षिणेला, म्हणजे माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी किंवा थेट काणकोणला आहे, हे आधी पाहावे. विमानतळ दोन आहेत. वास्कोजवळचा दाबोळी विमानतळ दक्षिण गोव्याला जवळ पडतो, तर पेडणे तालुक्यातल्या मोपा येथील मनोहर विमानतळ, जेथून जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतूक सुरू झाली, उत्तर गोव्याला सोयीचा आहे. मोपाहून काणकोणचे अंतर शंभरेक किलोमीटर भरते. आमच्या घरच्या एका लग्नाला बाणावलीला जायचे असताना आम्ही स्वस्त मिळाले म्हणून मोपाचे तिकीट काढले आणि वाचलेल्या पैशांपेक्षा जास्त रक्कम टॅक्सीला देऊन, सीमांतपूजन संपल्यावर पोहोचलो. तिकिटावर नुसते "गोवा" असे वाचून न थांबता कोणता विमानतळ हे पाहावे, ही खबरदारी तेव्हापासून घेतो.

रेल्वेलाही हेच लागू आहे. उत्तर गोव्यासाठी थिवी, पणजी परिसरासाठी करमळी आणि दक्षिणेसाठी मडगाव हे स्थानक धरावे. मुंबईहून मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी, तेजस आणि जून २०२३ पासून वंदे भारत एक्स्प्रेस अशा गाड्या आहेत. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे जाण्याच्या तारखेच्या साठ दिवस आधीच्या सकाळी आठ वाजता संगणकासमोर बसावे लागते आणि परतीच्या तिकिटासाठी पुन्हा दोन-तीन दिवसांनी बसावे लागते. एका तिकिटावर सहाच प्रवासी येतात, तेव्हा मोठ्या कुटुंबाने दोघातिघांत काम वाटून घ्यावे. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक असते. त्या काळात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात, वेळा बदलतात आणि वंदे भारतच्या फेऱ्याही घटतात. सकाळी पोहोचून दुपारच्या मुहूर्ताला उभे राहण्याचा बेत पावसाळ्यात करू नये.

पुणे-कोल्हापूरकडून मोटारीने जाणारे बहुधा आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला उतरतात आणि बांद्यावरून गोव्यात शिरतात. बेळगावकडून चोर्ला घाट आहे. दोन्ही घाट रात्री आणि धुक्यात टाळावेत. मोटारीत म्हातारी माणसे असतील तर मुक्काम कोल्हापूरला करून दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरणे अधिक शहाणपणाचे आहे.

पोहोचल्यानंतरची गोष्ट अशी की पुण्या-मुंबईत हाताशी असलेल्या ओला-उबरच्या टॅक्सी गोव्यात चालत नाहीत. तेथे गोवामाइल्स हे ॲप आहे, विमानतळांवर आगाऊ पैसे भरून टॅक्सी मिळते, आणि कदंब महामंडळाच्या बसगाड्या दोन्ही विमानतळांवरून शहरांकडे जातात. यजमानांनी बस ठेवली असेल तर ती कोणत्या वेळी सुटणार हे विचारून तिला जुळेल असे तिकीट काढावे आणि उशीर झाला तर आपल्यासाठी तीस माणसे थांबवून ठेवू नयेत. भाड्याची दुचाकी घ्यायची झाल्यास काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्यावी. पांढऱ्या पाटीची खासगी दुचाकी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अडवले गेल्यावर मुहूर्ताचे कारण पोलिसांना सांगून उपयोग होत नाही.

खोलीत शिरताना

बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोननंतर मिळते आणि सकाळी अकरा-बारापर्यंत सोडावी लागते. पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्याने अंघोळ कोठे करायची हे आधी ठरवावे, आणि दुपारच्या कार्यक्रमाचे कपडे हातातल्या पिशवीत वेगळे ठेवावेत. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. आजी-आजोबांचे आधारकार्ड घरी राहण्याचे प्रसंग इतके घडतात की निघण्याच्या आदल्या रात्री ते कोणीतरी एकाने गोळा करून ठेवावे. आधारची प्रत द्यावी लागली तर पहिले आठ आकडे झाकलेली, म्हणजे "मास्क्ड" प्रत संकेतस्थळावरून काढता येते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांनी पारपत्राबरोबर व्हिसा किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड जवळ ठेवावे, कारण हॉटेलला त्यांची माहिती चोवीस तासांत सरकारी यंत्रणेकडे द्यावी लागते.

किनाऱ्यावरची मोठी हॉटेले पसरलेली असतात. खोलीपासून मांडवापर्यंत दहा-दहा मिनिटे चालावे लागते, मध्ये पायऱ्या असतात आणि शेवटचा तुकडा वाळूचा असतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी तळमजल्याची खोली आणि आतली बॅटरीवरची गाडी आधीच मागून ठेवावी. हळदीच्या दिवशी हॉटेलच्या पांढऱ्या पंच्यांनी आणि चादरींनी हळदीचे हात पुसू नयेत. तो डाग निघत नाही आणि त्याची भरपाई यजमानांच्या बिलात लागते. एक जुना पंचा घरून न्यावा.

कपडे, चपला आणि नारळ

पत्रिकेबरोबर प्रत्येक कार्यक्रमाचा रंग ठरवून देणारा कागद येऊ लागला आहे. तो आग्रह मला थोडा अतीच वाटतो. आपल्याकडे असलेल्या कपड्यांतून जवळचा रंग घालावा, त्यासाठी नवी खरेदी करू नये आणि त्याबद्दल कोणाची माफीही मागू नये. पैठणी किंवा नऊवारी मुख्य मुहूर्तासाठी राखावी आणि समुद्राकाठच्या संध्याकाळी सुती किंवा हलके कापड वापरावे, कारण खारट वाऱ्याने आणि घामाने साडीची जर काळी पडते. घरी आल्यावर ती साडी तशीच घडी घालून ठेवू नये, सावलीत पसरून हवा द्यावी. उंच टाचा वाळूत रुततात आणि कोल्हापुरी चप्पल ओल्या वाळूत भिजून फुगते. वाळूवरच्या कार्यक्रमाला सपाट, धुता येणारी पादत्राणे घालावीत.

विमानाने जाणाऱ्यांना देशांतर्गत प्रवासात बहुतेक कंपन्यांत पंधरा किलो सामान आणि हातात सात किलो एवढीच मुभा असते. दागिने, औषधे, चार्जिंगची पॉवर बँक आणि मुहूर्ताचा एक जोड हातातल्या पिशवीतच ठेवावा. पॉवर बँक तर सामानात टाकताच येत नाही. ओटीसाठी घरून नारळ नेणाऱ्या काकू-मावश्यांना मात्र आधी सांगून ठेवावे लागते. अख्खा नारळ विमानात हाती घेऊन जाता येत नाही आणि सुके खोबरे तेलकट व ज्वलनशील म्हणून सामानातही चालत नाही. २०२४ च्या अखेरीस शबरीमलेच्या यात्रेकरूंना नारळ हातात नेण्याची काही काळापुरती सूट मिळाली होती, पण ओटीला ती लागू नव्हती. गोव्यात नारळाला तोटा नाही, ओटीचा नारळ म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात घ्यावा.

आहेर हा वस्तूंचा नसावा. कुकरचा संच किंवा काचेची तसबीर नेणाऱ्याला ती तेथपर्यंत वाहावी लागते आणि वधूवरांना ती तेथून परत वाहावी लागते. पाकिटावर पूर्ण नाव आणि गाव लिहावे, आणि ते मंचावर न देता आहेर नोंदवणाऱ्या व्यक्तीच्या हाती द्यावे, म्हणजे हॉटेलच्या गर्दीत हरवत नाही.

कार्यक्रमांच्या वेळा

ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातले काही मोजके दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, पण लग्नघराला त्यावर विसंबता येत नाही. म्हणून संगीताचा कार्यक्रम पत्रिकेत साडेसहाला असेल तर तो खरोखर साडेसहाला सुरू करावा लागतो. पुण्यात आठच्या कार्यक्रमाला नऊला जाणाऱ्याने येथे तसे केल्यास त्याला शेवटची दोन गाणी मिळतील. गोरज मुहूर्ताचेही तसेच आहे: नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, छायाचित्रकाराला त्याआधीचा अर्धा तास हवा असतो आणि भटजींना मुहूर्त पुढे ढकलता येत नाही. अंतरपाट धरला गेला की उभे राहून फोन वर करू नये, मागे बसलेल्या आजीला मंगलाष्टके ऐकू येतात पण काही दिसत नाही. वाळूत किंवा हिरवळीवर तांदूळ टाकायला पुष्कळ हॉटेले मनाई करतात. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या हातात दिल्या तर त्यावरून वाद घालू नये.

मराठी पाहुण्यांचा हमखास घोटाळा वेगळाच असतो. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा ही अनेक घराण्यांची कुलदैवते फोंडा तालुक्यात आहेत आणि "एवढे आलोच आहोत तर" म्हणत हळदीच्या सकाळी एक मोटार भरून निघते. दर्शन व्हावेच, पण ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशी किंवा मुक्काम वाढवून करावे. दक्षिण किनाऱ्यावरून तिकडे जाऊन, प्रसाद घेऊन परत यायला अर्धा दिवस जातो आणि इकडे वराची आत्या नसल्यामुळे हळद अडून बसते. देवळात जाताना आखूड कपडे चालत नाहीत, हे समुद्रावरून परस्पर जाणाऱ्या तरुण मंडळींनी लक्षात ठेवावे. त्याचप्रमाणे बाहेर मासळीचे जेवण जेवायला जायचे असेल तर त्या वेळचे आपले पान घेणार नसल्याचे सांगून जावे.

समुद्र

लाल बावटा लावलेल्या जागी पाण्यात उतरू नये, पावसाळ्यात तर अजिबात नाही. जीवरक्षक दिवसा असतात. रात्रीचा कार्यक्रम संपल्यावर, विशेषतः प्यायल्यानंतर, समुद्रात शिरण्याइतका वाईट बेत दुसरा नाही आणि तो प्रत्येक लग्नात कोणीतरी काढतो. मुलांवर लक्ष कोणी ठेवायचे हे नाव घेऊन ठरवावे, कारण "सगळे आहेत" याचा अर्थ लग्नात कोणी नाही असा होतो. सार्वजनिक किनाऱ्यावर बसून मद्य पिण्यास २०१९ पासून दंड आहे.

परतताना

शेवटच्या रात्रीच आपल्या नावावरचे बिल पाहून चुकते करावे. सकाळी अकराला सगळे पाहुणे एकाच खिडकीसमोर उभे असतात आणि यजमान त्यांच्या हिशेबासाठी तेथेच थांबलेले असतात. खोलीतली तिजोरी, चार्जर आणि न्हाणीघराच्या दारामागे वाळत घातलेले कपडे पाहून घ्यावेत. निघण्यापूर्वी वधूवरांना गाठण्याचा हट्ट न धरता त्यांच्या आईवडिलांना भेटून निघावे.

आणि बाटल्यांविषयी. गोव्यात विकत घेतलेले मद्य परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि सावंतवाडीजवळच्या इन्सुली नाक्यावर उत्पादन शुल्क विभाग गाड्या तपासतो. यजमानांनी ठेवलेल्या बसच्या सामानाच्या कप्प्यात कोणाच्या तरी पिशवीत फेणी सापडली तर बाटलीबरोबर बसही अडकू शकते, आणि तिच्यात वरपक्षाची निम्मी मंडळी बसलेली असतात.